कोंपाद्रेचं 'तू'

११ मार्च, शनिवार

पाणी हिरवं. गार. मार्चमध्ये असं पाणी म्हणजे — जाऊ दे, शिव्या लिहून कागद नासवायचा नाही.

निळं पाणी कुठवर मागे गेलंय देव जाणे. सरळ बाहेर जात राहिलो, किनारा दिसेनासा झाला, तरी हिरवंच. शीडमासा म्हणजे निळ्या पाण्यातला राजा. तो या हिरव्या पोसोलेच्या रश्श्यात कशाला तोंड घालेल? कासवं तेवढी तरंगत होती, पाठीवर पक्षी घेऊन. आमच्या अमेरिकन गिऱ्हाइकाने, ग्रिंगोने, कासवांचे फोटो काढले. मासे धरायला आलेला माणूस कासवांचे फोटो काढायला लागला की तांडेलाने ओळखावं — हा पुढच्या वर्षी येत नाही.

कोंपाद्रे पुढे बसले होते. म्हणाले, "समुद्राला कावीळ झालीय, कोंपाद्रे."

मी म्हणालो, "कावीळ पिवळी असते."

"मग ती तुम्हाला झाली असेल. तोंड बघा तुमचं!"

हसलो. हा माणूस अजून हसवतो मला. शाळेत माझ्या बाहीला नाक पुसणारा हा एलिहिओ. माझा बाप चर्चला, मिसेला गेला की बापाच्या 'पाकोळी' होडीतून माझ्यासोबत चोरून गळ टाकायला यायचा. मग त्याच्या उबाल्दोच्या बाप्तिस्म्याला पोराला मी हातात धरलं, त्याचा धर्मबाप झालो, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांचे कोंपाद्रे. 'तू' बंद, 'तुम्ही' सुरू. गावात सगळ्यांचं तसंच. आधी आधी हसू आवरायचं नाही — "तुम्ही जरा सरका, तुमच्या बुडाखाली माझा बांगडा आहे." आता 'तू' म्हणायला गेलो तर जीभ भाजेल. लिहितानासुद्धा 'ते म्हणाले' असंच येतं हातातून.

उबाल्दो आता उत्तरेत, अमेरिकेत, छपरं शाकारतो. 'पाकोळी' कधीच कुजून गेली. आता माझी 'हट्टी' आहे. तांडेल मी, खलाशी कोंपाद्रे. दुसरा खलाशी मी कधी घेतला नाही.

१३ मार्च

वारा. कोणी गेलं नाही. समुद्र बंद असला की माझी बायको हर्मिनिया घरातली सगळी भोकं दाखवते — छताचं, भिंतीचं, माझ्या पायमोज्याचं.

१५ मार्च, बुधवार

निळं पाणी सापडलं — इतकं लांब की जाऊन येण्यातच दिवस गेला. आणि सापडून तरी काय झालं!

टेक्सासचा एक दातांचा डॉक्टर होता. चांगला माणूस, फक्त बोलताना आपल्याच दातांकडे बघतोय असं वाटतं. दुपार कलताना मागून एक शीडमासा वर आला. पाठीवरचं शीड उघडून, जांभळा, अंगावर वीज चमकावी तसा. आमिषाच्या मागे मागे. आता खलाशाने काठी उचलायची, दोर सैल सोडायचा, माशाला घास घेऊ द्यायचा. कोंपाद्रेंना हे झोपेत जमतं. ते काठी घेऊन उभे राहिले. नुसते उभे. माशाकडे बघत, कोणी नवं माणूस भेटावं तसे.

"सोडा, कोंपाद्रे! दोर सोडा!"

मासा गेला. डॉक्टर इंग्रजीत जे बोलला ते मला कळलं.

परत येताना त्याहून वाईट झालं. किनारा जवळ आला तसा कोंपाद्रेंनी झेंडा चढवला — शीडमाशाचा, उलटा! उलटा झेंडा म्हणजे धरला आणि जिवंत सोडला. वाळूवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या दिवसांत पहिला झेंडा! मग डॉक्टर उतरला आणि त्याच्या तोंडावरून सगळ्यांना कळलं. किनाऱ्यावर बसलेला खलाशी नझारिओ, तो तर असल्या गोष्टींवरच जगतो. ओरडला, "बाल्तासार तांडेल, मासा सोडला की मासाच तुम्हाला सोडून गेला?"

बाजूला घेऊन विचारलं, "कोंपाद्रे, हे काय?"

"सोडला ना आपण एक. केवढा होता!"

"कधी?"

माझ्याकडे बघितलं आणि हसले. माझी टर उडवत होते बहुतेक. मला काही हसू आलं नाही. सगळ्या किनाऱ्यासमोर तांडेलाची टर उडवायची असते का? पण 'तुम्ही'मध्ये शिवी बसत नाही. गिळली.

१९ मार्च, रविवार

पाणी तसंच. चव बघितली तर शेवाळाची.

मिसेनंतर ओफेलियाबाईंनी बोलावलं. आमचे सगळे ग्रिंगो त्यांच्याच पाहुणेघरातून येतात. कॉफी दिली म्हणजे वाईट बातमी आहे हे कळलं. बाई एरवी पाणी देताना मोजतात.

"तांडेल, डॉक्टर चिडून गेला."

"पाणी हिरवं आहे, बाई. मी निळं कुठून रंगवू?"

"पाण्याला कोणी काही म्हणालं नाही. तुमच्या खलाशाला म्हणाला. ईस्टरच्या पवित्र आठवड्याला घर भरलंय माझं. नझारिओला घ्या."

"नझारिओ बोलून बोलून मासे मारेल."

"मारू दे ना! मेलेले तरी दिसतील."

मी उठलो. म्हणालो, कोंपाद्रे उतरले तर मीही उतरलो. बाई म्हणाल्या, "बघा. नाहीतर पाहुणे दुसऱ्या होडीत बसवीन." त्या बोलतात तसंच करतात.

२३ मार्च, गुरुवार

लाल पाणी आलं! हिरवं काय कमी होतं! किनाऱ्यावर फुगे मासे मरून पडलेत, पोटं वर करून. श्वास घेतला की घसा खवखवतो. सगळं गाव खोकतंय.

संध्याकाळी नेहमीसारखे पोसोले खायला गेलो, आम्ही दोघंच. कोंपाद्रे आज छान होते. पार पूर्वीचे. वाटीत डुकराचा कान आला तो माझ्या वाटीत टाकला — "घ्या, तुम्हाला ऐकू कमी येतं." मी ओफेलियाबाईंचं काही सांगितलं नव्हतं. पण गाव केवढं? म्हणाले,

"मला उतरवणार म्हणे तुम्ही."

"कोण म्हणतं?"

"नझारिओ नवी टोपी घेऊन फिरतोय."

मी म्हणालो, टोपी घेऊ दे, होडी मिळायची नाही. ते बराच वेळ मुळ्याच्या चकत्या एकावर एक ठेवत बसले. मग म्हणाले, "कोंपाद्रे, हल्ली माझं डोकंही हिरवं झालंय. तळ दिसत नाही. पण होडीत बसलो की बरं असतं. मला वाळूवर बसवू नका. वाळूवर बसलो की मी संपलो."

मी म्हणालो, हिरवं पाणी जातं, डोकंही निवळेल. आणि शब्द दिला. वर मेस्कालची दारू प्यालो. दिलेला शब्द आहे, पाण्यासारखा रंग बदलणार नाही.

२५ मार्च

खोकला. पाणी तांबडं. बसून.

२७ मार्च, सोमवार

पेन कागदातून आरपार जातंय. रागाने.

लाल पाणी सरकलं म्हणून दोन भाऊ घेऊन निघालो — नव्या टोप्या, पांढरी नाकं. पांढऱ्या खडकापलीकडे गेलो, गळ टाकायला वेग कमी केला, आणि पायाला गार लागलं. बघतो तर होडीत पाणी! घोट्याच्या वर. बूच लावलंच नव्हतं! होडी वाळूवरून लोटण्याआधी मागचं बूच खलाशाने लावायचं. शेंबड्या पोरालाही माहीत. मी कधी बघत नाही — कोंपाद्रे आहेत म्हटल्यावर काय बघायचं?

इंजिन सुसाट सोडलं, म्हणजे त्याच भोकातून पाणी बाहेर जातं. भावांना जाकिटं फेकली. आणि कोंपाद्रे? उभे! नडग्यांपर्यंत पाणी, आणि आपल्या पावलांकडे बघत उभे. शेवटी मीच सुकाणू सोडून अंगातला सदरा भोकात कोंबला.

मग ओरडलो. हो, ओरडलो! "तुम्हाला अक्कल आहे की नाही, कोंपाद्रे? माणसं बुडवायला निघालात?" तेवढ्या रागातही 'तुम्ही'. तेवढ्या रागातही 'कोंपाद्रे'.

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत भलतीच आग. आणि म्हणाले —

"तू माझ्यावर ओरडू नकोस, बाल्ता. होडी तुझ्या बापाची असली म्हणून काय झालं!"

तू. बाल्ता. वर बाप काढला!

त्या दोघा भावांना काय कळणार. त्यांना वाटलं, दोन म्हातारे पाण्यावरून भांडतायत. पण इथल्या कोणालाही विचारा. कोंपाद्रेला तोंडावर 'तू' म्हणणं म्हणजे चर्चमधलं पवित्र पाणी जमिनीवर ओतणं. माणसं जमिनीसाठी कोयते काढतात, पण कोयता उगारतानाही 'तुम्ही' म्हणतात. आई म्हणायची, कोंपाद्रेला तू म्हणणाऱ्याचं थडगं कुत्री उकरतात.

परत येईपर्यंत मी बोललो नाही. तोही नाही. हो, 'तो'. त्यानेच सुरू केलं, आता मीही लिहीन. वाळूवर उतरला, होडीला थोपटलं आणि शीळ घालत घरी गेला. शीळ घालत!

२८ मार्च

नझारिओला सांगितलं, उद्यापासून ये. शब्द दिला होता तो कोंपाद्रेला. कोंपाद्रे कुठे राहिलाय?

१ एप्रिल, शनिवार

पाणी हिरवंच, पण थोडं कोमट. नझारिओ बूच लावतो. आमिष नीट बांधतो. काठी वेळेवर उचलतो. खोड काढायला जागा नाही, म्हणून जास्त राग येतो.

आणि बोलतो! देवा, काय बोलतो! मेहुण्याचा घटस्फोट, बकरीचा पाय, सरकार, पुन्हा मेहुणा. एक साधा डोराडो मासा लागला, तर त्याच्यावर ग्रिंगोला भाषण. पूर्वी आम्ही अख्खा दिवस न बोलता काढायचो आणि सगळं बोलून व्हायचं.

पुढची जागा रिकामी नसते तरी रिकामी दिसते. लिहिलं, झालं. आता पुन्हा लिहायचं नाही.

६ एप्रिल, पवित्र गुरुवार

कोमाद्रे सेलेरिनाने — त्याच्या बायकोने — कापिरोतादा पाठवला. दर वर्षी पाठवते. पाव, चीज, गुळाचा पाक, वर शेंगदाणे. ताट घेऊन शेजारची मुलगी आली.

मी म्हणालो, खा तुम्ही सगळे, पण ताट रिकामं परत पाठव.

हर्मिनिया बघत राहिली. कोंपाद्रेच्या घरचं ताट रिकामं कधी जात नाही. दोन लिंबं तरी, मूठभर मीठ तरी. "असं कोणी मेल्यावरसुद्धा करत नाही," म्हणाली. "निदान कोमाद्रेसाठी."

"रिकामं."

"दगड आहात तुम्ही."

"तू म्हटलं त्याने मला! गिऱ्हाइकांसमोर!"

"बावीस वर्षांची होते तेव्हापासून मी तुम्हाला सहन करते, मी कधी ताट फेकलं?" म्हणाली, आणि ताट धुऊन, पुसून, रिकामंच दिलं. मुलीने ते डोक्यावर धरलं, ऊन लागू नये म्हणून. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत होतो. कापिरोतादाला हात लावला नाही.

८ एप्रिल, पवित्र शनिवार

पाणी निळं!!

सकाळी पाण्याखालचा वाळूचा बांध ओलांडला आणि थोड्याच वेळात रंग बदलला — जणू कोणी रेघ मारलीय, अलीकडे हिरवं, पलीकडे शाईसारखं. हात घातला. गरम. पक्षी खाली झेपावत होते, तारली उकळत होती. आणि शीडमासे! एकामागून एक, शीडं उघडून, दोन दोन एकदम. ग्रिंगो ओरडतायत, नझारिओ गातोय, रेडिओवर सगळ्या होड्या एकमेकांना शिव्या देतायत आनंदाने. या निळ्याची मी सगळा वसंत वाट बघितली.

आणि मला काही वाटलं नाही. काहीच नाही. सुकाणू धरून बसलो, नझारिओच्या पाठीकडे बघत. पाठ रुंद आहे त्याची.

परत येताना झेंड्यांची माळ, सगळे उलटे. वाळूवर पोरं एकमेकांवर बादल्यांनी पाणी ओतत होती, पवित्र शनिवारच्या रिवाजाचं. त्या गर्दीत तो उभा होता. भिजलेला. कपाळावर हात धरून झेंडे बघत. मला बघून हात हलवला, दोन्ही हात, उड्या मारल्यासारखा. हसत होता.

निर्लज्ज! तोडायचं आणि वर हसायचं! मी इंजिनकडे बघत बसलो. मान वर केली तेव्हा कोमाद्रे त्याला कोपराला धरून नेत होती.

१० एप्रिल, सोमवार

पाणी निळं. मासे भरपूर.

नझारिओ म्हणाला, "तांडेल, एलिहिओ रोज पहाटे माझ्या आधी येऊन होडीत बसतो. आज म्हटलं, उतरा. तर मलाच म्हणतो, तू कोणाचा पोरगा?"

मी म्हणालो, तुझ्या त्या टोपीमुळे ओळखलं नसेल. सगळे हसले. मला वाटलं, हे मला खिजवायला चाललंय. माझ्याच होडीत बसून मला चिडवणं! पण दुसरा एखादा असता तर होडीला भोक पाडलं असतं. हा नुसता बसून जातो. हे डोक्यातून जात नाही.

११ एप्रिल, मंगळवार

उबाल्दोचा फोन. उत्तरेतून. पोरगा रडत होता. चार मुलांचा बाप, आणि हुंदके!

"धर्मबाबा, मी काय केलं सांगा ना! आईने फोन त्यांच्या हातात दिला. मी म्हटलं, बाबा, मी उबाल्दो. तर म्हणाले, मला मुलगा नाही. आणि फोन ठेवला."

"मला मुलगा नाही म्हणाला?"

"शांतपणे. रागावलेसुद्धा नाहीत. मी आलो नाही इतकी वर्षं म्हणून असेल ना? कागदपत्रं नाहीत, कसा येऊ? तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ते."

आता हद्द झाली! मला तोडलं ते ठीक, मी पुरुष आहे, पचवीन. पण पोटच्या पोराला? ज्याला मी बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं त्याला? कोमाद्रे काही बोलत नाही, नजर चुकवते. ती तरी काय बोलणार अशा माणसापुढे!

पोराला सांगितलं, उद्या सकाळी होडी काढत नाही. आधी तुझ्या बापाकडे जातो. 'तुम्ही' म्हणून सुरुवात करीन, आणि मग काय निघेल तोंडातून ते देवाला माहीत. हर्मिनिया म्हणाली, "हातात काहीतरी घेऊन जा." लिंबं घेतोय. त्या ताटाचं देणं तेवढं फेडून टाकतो.

१२ एप्रिल

गेलो. अंगणात होता, नारळाखाली, अनवाणी. मला बघून उठला. "आलास, बाल्ता! किती उशीर! तुझा बाप मिसेला गेलाय तोवर 'पाकोळी' मोकळी आहे. चल लवकर, कळलं तर दोघांची सालटं काढेल."

मी म्हणालो, "उबाल्दोचा फोन आला होता."

"कोण उबाल्दो?"

दारात कोमाद्रे उभी होती, पदरासारखी शाल तोंडावर धरून. तिने मान हलवली, नुसती.

म्हणजे त्याने काहीच तोडलं नव्हतं. त्याच्या लेखी आम्ही अजून शाळेतली पोरं, बाप्तिस्मा अजून व्हायचाय.

लिंबं कोमाद्रेच्या हातात दिली. त्याने माझ्या बाहीला नाक पुसलं.

"चल," मी म्हणालो. "पण पुढे तू बसायचं, एली." 'तू' म्हणताना पहिल्यांदा जीभ अडखळली. मग नाही.